पुस्तक मिट, आता सांग

मला पान आठवत होतं. डावीकडचं पान, खालचा अर्धा भाग, हृदयाची आकृती आणि तिच्या शेजारी पिवळ्या हायलायटरनं रंगवलेल्या साडेतीन ओळी. तिसऱ्या ओळीच्या शेवटी हात घसरला होता आणि पिवळा रंग समासात उतरला होता, हेसुद्धा आठवत होतं. त्या रंगाखाली काय लिहिलंय, तेवढं मात्र आठवत नव्हतं.

शाळेचं शेवटचं वर्ष. सराव परीक्षेतला विज्ञानाचा पेपर. ‘हृदयातून होणारा रक्ताचा प्रवास आकृतीसह स्पष्ट करा’, पाच मार्कांचा प्रश्न. हा धडा मी चार वेळा वाचला होता. प्रश्न दिसल्यावर आधी बरंच वाटलं, हा तर येतो आपल्याला. आकृतीसाठी चौकट आखली, मधोमध एक उभी रेघ, एक आडवी रेघ, झाले चार कप्पे. आणि पेन तिथंच थांबलं. शरीराकडून आलेलं रक्त आधी उजव्या बाजूला येतं, एवढं पक्कं. पण वरच्या कप्प्यात की खालच्या? आकृतीत उजवं म्हणजे माझ्या डाव्या हाताला ना? आणि फुप्फुसांकडे जाणारं रक्त नक्की कुठून निघतं? पान डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. पान आलं, पिवळा रंग आला, अक्षरं आली नाहीत.

मग बोटं गार पडली. छातीत इतकं धडधडायला लागलं की बाकावर टेकवलेल्या मनगटात ठोके जाणवत होते. आणि डोक्यात एक बोलणं सुरू झालं. हे येत नाही तर बाकीचं काय येणार. चार वेळा वाचून ही गत. आईला काय सांगायचं. खऱ्या परीक्षेत असंच झालं तर. घड्याळाकडे पाहिलं तेव्हा अकरा मिनिटं गेली होती. पुढचे दोन प्रश्न मला खरोखर येत होते, पण वाचताना शब्द नुसते डोळ्यांवरून सरकत होते. तेही अर्धवट राहिले.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. तरी शाळेत जाणारं कुणी परीक्षेच्या दिवसांत ‘पोटात कसंतरी होतंय’ म्हणालं, की मला ती चार कप्प्यांची रिकामी चौकट दिसते. त्या अकरा मिनिटांत माझ्या आत काय चाललं होतं, ते तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे ते मी शोधत गेले, थोडं ताईच्या पुस्तकांतून, थोडं इकडून तिकडून.

आधीचे चार महिने मी आळस केला असता तर निदान एक कारण तरी हाताशी असतं. पण मी खरंच अभ्यासाला बसत होते. भिंतीवर वेळापत्रक होतं, पट्टीनं आखलेलं, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत एकही चौकोन रिकामा नव्हता. सोमवारी राहिलेलं मंगळवारवर ढकलायचं, मंगळवारचं बुधवारवर. साचत साचत इतकं व्हायचं की एखाद्या शुक्रवारी नवं वेळापत्रक आखायला घ्यायचं. ते आखताना फार शांत वाटायचं, आता सगळं पहिल्यापासून नीट होणार असं. चार महिन्यांत मी पाच वेळापत्रकं आखली. झोपेला त्यांत जागा होती ती सगळ्यात शेवटी, उरेल तेवढी.

आणि वाचायचे. वाचून झालं की रंगवायचं, रंगवून झालं की पुन्हा वाचायचं. दुसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं, तिसऱ्यांदा तर पुढची ओळ काय आहे ते आधीच कळतं. या ओळखीलाच मी ‘येतं’ म्हणत होते. रस्त्यात एखादा चेहरा दिसतो, माणूस पक्का ओळखीचा असतो आणि नाव काही केल्या ओठांवर येत नाही. माझं सगळं पुस्तक त्या माणसासारखं झालं होतं. परीक्षेत तर चेहराही समोर नसतो. कोऱ्या कागदावर एकदम नावच लिहायचं असतं.

घरात सगळे जपून वागत. आई दार आवाज न करता लावायची. बाबा रोज रात्री खोलीत डोकावून म्हणायचे, “टेन्शन घेऊ नकोस हं.” त्यातली माया मला कळायची. पण त्या वाक्यानंतर ‘मला भीती वाटतेय बाबा’ असं म्हणताच येत नसे. घेऊ नको म्हणून सांगितलेली गोष्ट मी घेऊन बसले होते, आणि ती त्यांच्यापासून लपवणं हा अभ्यासाइतकाच मोठा उद्योग होऊन बसला होता. पाहुण्यांचा एकच प्रश्न असायचा, “मग, किती टक्क्यांची तयारी?” मी एक आकडा सांगायचे. प्रत्येकाला सांगताना तो आकडा थोडा वाढायचा, आणि रात्री तोच छातीवर येऊन बसायचा.

पोटाचं म्हणाल तर पेपरच्या प्रत्येक सकाळी ढवळून यायचं, घास खाली उतरत नसे. मला वाटायचं मी आजारी पडतेय. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाबद्दल मी नंतर वाचलं. क्ष-किरण सापडले 1895 साली, आणि त्यानंतर थोड्याच काळात कॅनन त्या किरणांखाली मांजरांच्या जठराची हालचाल पाहू लागला. मांजर घाबरलं किंवा चिडलं की जठर हलायचं थांबे. शांत झालं की हालचाल पुन्हा सुरू. पुढे त्यानंच संकटात शरीर लढायला किंवा पळायला कसं सज्ज होतं ते मांडलं. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या छोट्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरानं चालतं, पचनाचं काम मागे पडतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. माझी बोटं, ती धडधड, ते पोट, सगळं त्यात होतं. शरीरानं पळायची पूर्ण तयारी केली होती आणि मी तीन तास एका बाकावर बसून होते. हे तेव्हा कळलं असतं तर भीती गेली नसती, पण आपल्यात काहीतरी बिघडलंय असं तरी वाटलं नसतं.

ताई तेव्हा मानसशास्त्र शिकत होती. आमची खोली एक, टेबलं दोन. तिचीही परीक्षा जवळ आली होती, तिला माझ्याकडे बघायला वेळ नव्हता आणि तिनं बघू नये असंच मला वाटत होतं. सराव परीक्षेचे पेपर हातात मिळाले त्या रात्री, एक वाजून गेला असेल, मी तोच हृदयाचा धडा पाचव्यांदा वाचत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पानावर पडू नये म्हणून पुस्तक जरा लांब धरलं होतं. ताई उठली. मला वाटलं जवळ घेईल. तिनं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, मिटलं आणि म्हणाली, “आता सांग.”

“काय सांगू?”

“वाचत होतीस ते.”

“शरीराकडचं रक्त हृदयात येतं. उजव्या अलिंदात. मग तिथून...”

“तिथून?”

“अगं येतं मला ते! दे ना पुस्तक.”

“बघून तर मलाही येईल.”

मी इतकी चिडले की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिनंही समजूत काढली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक वही होती. तिचीच जुनी, लिहिलेली पानं फाडून काढलेली, उरलेली कोरी. वरच्या पानावर तिच्या बारीक अक्षरात तीनच वाक्यं होती. ‘आधी मिट. मग लिही. मग उघड.’

त्या रात्री मी स्वतःहून तिला म्हटलं, घे माझं हृदय. तिनं मला खोलीत चालवलं. दार म्हणजे महाशीर, शरीराकडचं रक्त हृदयात आणणारी. दारातून आत आलं की लगेचचा कोपरा, उजवं अलिंद, म्हणजे वरचा कप्पा. तिथं जमिनीवर पट्टी आडवी ठेवली, ती झडप. “पट्टी ओलांडली की मागं फिरायचं नाही,” ताई म्हणाली. झडपेचं काम एवढंच. पुढचा कोपरा उजवं निलय, म्हणजे खालचा कप्पा, तिथून निघायचं ते थेट माझ्या पलंगावर, म्हणजे फुप्फुसांत. “तिथं बस. श्वास घे. लांब. घाई नाही, ऑक्सिजन घ्यायचाय.” मग पलंगाच्या दुसऱ्या अंगानं उतरून डावं अलिंद, पुन्हा एक पट्टी, डावं निलय, तिथून महाधमनी, आणि परत दार. मी आठ-दहा फेऱ्या मारल्या. पहिल्या तीन फेऱ्यांत दोनदा चुकीच्या कोपऱ्यात गेले. मग पाय आपोआप वळायला लागले.

“डाव्या निलयाची भिंत जाड का असते?” तिनं मध्येच विचारलं.

मी त्याच कोपऱ्यात उभी होते. पलंगाकडे पाहिलं, मग दाराकडे, दाराबाहेरच्या अंधाऱ्या घराकडे. “उजव्याला फक्त पलंगापर्यंत ढकलायचंय,” मी म्हणाले. “इथून सगळ्या घरभर पोचवायचंय. म्हणून.”

पुस्तकात ते वाक्य होतंच, साडेतीन ओळींपैकी एक. मी ते रंगवलंही होतं. पण मला ते त्या कोपऱ्यात उभं राहिल्यावर कळलं.

मग वही सुरू झाली. एक भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं, काळ्या पेनानं आठवेल ते लिहायचं. अगदीच अडलं की ‘माहीत नाही’ असं लिहून तिथं जागा सोडायची. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनानं भरायचं. पहिल्या पानावर काळ्या ओळी सात आहेत, बाकी सगळं लाल. ते पान बघून मला रडू आलं होतं. इतके महिने वाचून सात ओळी. मला सगळ्यांत जास्त हिंमत लागली ती परीक्षेला बसायला लागली नाही, ते लाल पान उलटून दुसऱ्या दिवशी पुन्हा वही उघडायला लागली.

दोन दिवसांनी तोच भाग पुन्हा, पुस्तक न बघता. सात ओळींच्या चौदा झाल्या. मला चौदाचा आनंद होण्याऐवजी, परवा लालनं भरलेलं आज पुन्हा विसरले याचंच वाईट वाटलं. तेव्हा ताईनं तिच्या पुस्तकातून हर्मान एबिंगहाउसचं प्रकरण काढून दाखवलं. या जर्मन माणसानं स्मरणशक्ती मोजायची ठरवली आणि प्रयोगासाठी निवडलं स्वतःला. अर्थ नसलेले छोटे अक्षरगट, साधारण 2300, ते याद्या करकरून पाठ करायचे, काही वेळ जाऊ द्यायचा, आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. वर्षानुवर्षं हेच. 1885 साली त्यानं ते पुस्तकरूपानं छापलं. विसरण्याची त्याची रेघ प्रसिद्ध आहे, पहिल्या तासाभरातच ती धाडकन खाली येते. सगळे तिच्याबद्दल बोलतात ते विसरण्याबद्दल. मला धीर दिला तो तिच्या दुसऱ्या टोकानं. महिनाभरानंतरसुद्धा त्याचा यादी पुन्हा पाठ करण्याचा सुमारे एक पंचमांश वेळ वाचत होता. आणि तीही निरर्थक अक्षरं! म्हणजे गेलं गेलं म्हणतो ते सगळं गेलेलं नसतं. दुसऱ्यांदा शिकताना आपण शून्यापासून निघत नाही. तेव्हापासून लाल ओळीचं वाईट वाटणं कमी झालं.

आणि मिटून लिहिण्याबद्दल. 2006 साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटानं एकदाच वाचला आणि मग न बघता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानं विचारलं तेव्हा चित्र उलटलं, वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 61. मला यातलं सगळ्यांत टोचलं ते पुढचं. आपल्याला हे आठवड्यानं आठवेल का, असं आधी विचारलं होतं, तर जास्त विश्वास होता तो चार वेळा वाचणाऱ्यांना. ते सगळे मीच होते. पिवळ्या पानाकडे बघून खुशीत असलेली.

या वहीनं अभ्यास बदलला. पण भीतीचं काय, ती काही वहीनं लगेच गेली नाही. उलट परीक्षा जवळ आली तशी वाढलीच.

भीतीबद्दल मला एक फरक फार उशिरा कळला. परीक्षेच्या भीतीत दोन गोष्टी एकत्र असतात. एक शरीराची घबराट, म्हणजे घाम, धडधड, पोट. दुसरी काळजी, म्हणजे डोक्यातलं ते अखंड बोलणं. 1967 साली लीबर्ट आणि मॉरिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी या दोन्ही वेगळ्या मांडल्या, आणि मार्क खातं ते मुख्यतः दुसरं, असं पुढे वारंवार दिसत आलं. कारण साधं आहे. एका वेळी डोक्यात थोडंच काही धरून ठेवता येतं, गणिताचे दोन-तीन आकडे, वाक्याची सुरुवात, पुढचा मुद्दा. तिथं ‘आईला काय सांगायचं’ येऊन बसलं की आकड्यांना जागा उरत नाही. माझ्या अकरा मिनिटांत नेमकं हेच झालं होतं. मी घामाशी भांडत बसले, आणि जागा अडवून बसलं होतं ते बोलणं.

शिवाय ताण चढला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना आदल्या दिवशी शब्द पाठ करायला लावले आणि दुसऱ्या दिवशी विचारायच्या तासभर आधी कॉर्टिझोनची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल वाढवणारी, गोळी दिली. त्यांना शब्द कमी आठवले. तीच गोळी पाठ करण्याआधी किंवा पाठ केल्यावर लगेच दिली तर तसा फरक पडला नाही. म्हणजे शब्द आत होते, बाहेर यायची वाट अडली होती. हे वाचलं तेव्हा मी ते पान परत मिटून बराच वेळ बसून राहिले. मी मठ्ठ आहे असं मी त्या सराव परीक्षेनंतर स्वतःला किती वेळा म्हटलं होतं.

काळजीचं बोलणं थांबवायचा प्रयत्न केला की ते वाढतं. मला उपयोगी पडलं ते ते लिहून काढणं. ताईनं सांगितलं होतं, जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांच्या 2011 सालच्या अभ्यासाचा हवाला देऊन: पेपरच्या आधी दहा मिनिटं विद्यार्थ्यांना मनातली भीती कागदावर उतरवायला सांगितली, आणि जे एरवी परीक्षेला फार घाबरायचे त्यांना त्याचा फायदा झाला. मला आधी पटलं नाही. पेपरच्या तोंडावर भीतीबद्दल लिहायचं म्हणजे ती आणखी वाढणार. तरी पहिल्या पेपरच्या सकाळी वहीच्या मागच्या पानावर बसून लिहिलं. ‘मला वाटतंय पुन्हा कोरं होईल. मला वाटतंय बाबांना वाईट वाटेल आणि ते दाखवणार नाहीत. हात गार झालेत.’ अशी पंधरा-वीस वाक्यं. लिहिता लिहिता लक्षात आलं, वाक्यं संपली. डोक्यात ती शेकडो वाटत होती. कागदावर ती एक पान होती, त्यातली निम्मी तीच तीच.

झोपेबद्दल फार लिहीत नाही, कारण हे सगळे सांगतात आणि कुणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं. 13 ते 18 वर्षं वयाला रात्री 8 ते 10 तास झोप लागते. मी पाचवर आले होते. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटायला लागतं, त्यामुळे लवकर आडवं होऊनही झोप येत नाही, यात मुलांचा दोष नसतो. मी पहाटे पाचचा चौकोन वेळापत्रकातून खोडला. बाबांना ते आवडलं नाही. आईनं त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण त्यांनी नंतर विषय काढला नाही. मोबाइल आईच्या खोलीत ठेवायला लागले, तेही सोपं गेलं नाही, चौथ्या-पाचव्या दिवसापासून सवय झाली.

इथं मला एक गोष्ट सांगायलाच हवी. वर्गातली एक मैत्रीण माझ्यापेक्षा खूप हुशार होती. परीक्षेच्या दोन महिने आधी तिनं जेवण टाकलं, रात्ररात्र जागी असायची, आणि एके दिवशी पायऱ्यांवर बसून म्हणाली, “मी नसले ना तर सगळ्यांना बरं होईल.” मी हसून तिच्या पाठीवर थाप मारणार होते. का कोण जाणे, हात वर गेलाच नाही. मी तिला विचारलं, “म्हणजे काय गं?” आणि ती बोलायला लागली. तिनं मला कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. मी त्याच दुपारी आमच्या वर्गशिक्षिकेला सांगितलं. बाईंनी तिच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलणं केलं, डॉक्टरांकडे नेलं, उपचार झाले. त्या वर्षी तिनं परीक्षा दिली नाही, पुढच्या वर्षी दिली. काही महिने ती माझ्याशी बोलली नाही, आणि ते मला फार लागलं. आता बोलते. वहीनं, लांब श्वासानं, वेळापत्रकानं भागत नाही अशी एक हद्द असते. ती ओलांडून कुणी काही बोललं, तर ती शपथ मोडावी आणि त्याच दिवशी मोठ्या माणसाला गाठावं. आणि तसं स्वतःलाच वाटत असेल तर स्वतःबद्दल सांगावं, तितक्याच तातडीनं.

मोठ्यांना एवढंच म्हणेन. 1908 साली यर्कीस आणि डॉडसन यांनी उंदरांना पांढरी आणि काळी पेटी ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. ओळखणं सोपं असेल तेव्हा जोराचा झटकाही चालून जायचा. ओळखणं अवघड केलं की जोराच्या झटक्यानं शिकणं मंदावायचं. मुलं उंदीर नाहीत, आणि म्हणूनच मला हे वाचताना जास्त वाईट वाटलं. आपल्याला मुलांकडून अवघडातलं अवघड हवं असतं आणि धाक मात्र सगळ्यांत जोराचा घालतो.

परीक्षेचे दिवस मला तुटक आठवतात. पेन्सिलीला टोक करताना कंपासमध्ये सांडलेला भुसा. पर्यवेक्षक बाईंच्या चपलांचा आवाज. प्रश्नपत्रिका उलटी ठेवलेली, मागून अक्षरं उमटलेली, वाचता न येणारी. मी तेव्हा मनात पलंगावर जाऊन बसत असे. श्वास घ्यायचा, आणि सोडायचा तो घेतल्यापेक्षा लांब. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, हे मनगटावर बोट ठेवून आपल्यालाही कळतं.

आणि विज्ञानाच्या पेपरात पुन्हा कोरं झालंच. हृदय आलं नव्हतं. केप्लरचा तिसरा नियम आला होता. ग्रहाला सूर्याभोवती फिरायला लागणारा काळ आणि त्याचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर, यांतल्या एकाचा वर्ग आणि दुसऱ्याचा घन, एवढं डोक्यात होतं. कोणाचा वर्ग आणि कोणाचा घन, ते येईना. बोटं गार पडायला लागली. बोलणं सुरू झालं, हे येत नाही तर... मी त्याला ओळखलं. सकाळीच तर तुला लिहून आले. चार ओळींची जागा सोडली, प्रश्नाचा क्रमांक घातला आणि पुढच्या प्रश्नाला गेले. बाकीचा पेपर झाला, नीट झाला. शेवटच्या दहा मिनिटांत परत आले तरी ते आठवलं नव्हतं. मी अंतराचा वर्ग आणि काळाचा घन असं लिहिलं, पेपर दिला आणि घरी आले. आईनं विचारलं नाही, मीच सांगितलं, “एक चुकलंय बहुतेक.” ती म्हणाली, “बरं, जेवून घे.”

रात्री दिवा मालवून पडले होते. परीक्षा संपली होती, झोप येत नव्हती. छताकडे बघताना एकदम गुरू आठवला. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या 5.2 पट लांब, आणि एक फेरी मारायला त्याला 11.86 वर्षं लागतात. उठले, टेबलावरचा दिवा लावला, वही काढली. 5.2 चा घन 140.6. 11.86 चा वर्ग 140.7. काळ्या पेनानं लिहिलं, वर तारीख घातली.

ताईनं डोळे न उघडताच विचारलं, “काय झालं गं?”

“काळाचा वर्ग,” मी म्हटलं. “अंतराचा घन.”

“हं,” म्हणाली आणि तिनं कूस बदलली. मी वही मिटली. पुस्तक दप्तरातच होतं, ते उघडलं नाही.